बाहेरची वाट आधी पाहा

मी पुण्यात अक्षरजुळणीचा व्यवसाय करते. पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका असं सगळं माझ्या टेबलावरून छापखान्यात जातं. या कामात आमचा संबंध लेखक-प्रकाशकांशी जितका येतो, तितकाच सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि प्रिंटर विकणाऱ्या कंपन्यांशीही येतो. पानं मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या दिवसांपासून आजच्या मासिक वर्गणीपर्यंत या कंपन्यांचे व्यवहार मी जवळून पाहिले आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. ग्राहकाला खरोखर निवड आहे की नाही, हे दुकानात किती नावं मांडलेली आहेत यावरून कळत नाही. नको झालं तर आपलं काम उचलून दुसरीकडे जाता येतं का, यावरून कळतं. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना आणि संगणकावर काही जपून ठेवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतील असे हे काही बोल.

१. आपलं लिखाण आपल्याच ताब्यात आहे का, ते पाहा

आज फोनवरून पाठवलेला मराठी मजकूर जगात कुठेही तसाच दिसतो, तो युनिकोडमुळे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. आमच्या टेबलांवर मात्र ते फार उशिरा आलं, कारण आम्ही ज्यावर काम करत होतो त्या पेजमेकरला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तोवर मराठीचा कारभार श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा वेगवेगळ्या संचांवर चालत होता. त्या संचांनी मराठी छपाईचं मोठं काम केलं, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण प्रत्येकाची संकेतांची मांडणी निराळी होती. रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा स, रफार असे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसायचा.

त्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशक सीडी घेऊन येतात. सीडी चालते, फाइलही उघडते, पण मजकूर हाती लागत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, तरी अडचण मुळातच आहे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ‘निर्मिती’ या एका शब्दात तीन ठिकाणी घोटाळा होऊ शकतो. म्हणून अख्ख्या पुस्तकाची प्रुफं पुन्हा वाचावी लागतात आणि तो खर्च बघून कितीतरी चांगल्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघतच नाही. फॉन्ट विकणाऱ्याचं यात काही जात नाही, नुकसान होतं ते लेखकाचं आणि वाचकाचं.

माझा नियम असा: काम संपलं की छपाईच्या फायलीसोबत संपूर्ण मजकूर साध्या युनिकोडमध्ये वेगळा साठवायचा आणि त्याची एक प्रत लेखकाला द्यायची. प्रकाशकांनी तर ही अट करारातच घालावी.

२. विकत घेतो आहोत की भाड्याने, ते विचारून घ्या

पेजमेकर १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीने आणलं. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने ऑल्डस घेतली, पुढे स्वतःचं इनडिझाइन आणलं आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची वाढ थांबली. इनडिझाइनचा संच तेव्हा एकरकमी मिळायचा. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील.

मोठ्या जाहिरात संस्थेला हा बदल सोयीचा वाटला असेल, आणि सतत सुधारणा होत राहतात हेही खरं आहे. पण आमचा धंदा हंगामी आहे. दिवाळी अंकांच्या आधीचे दोन-तीन महिने मान वर करायला फुरसत नसते, नंतर काम ओसरतं. भाडं मात्र बाराही महिने चालू राहतं. पूर्वी मंदीच्या वर्षी जुन्या आवृत्तीवर भागवता यायचं. वर्गणीत ती मुभा नाही, कारण पैसे थांबले की आपणच मांडलेली पानं उघडायचं साधन बंद होतं.

पैसे भरून घेतलेल्या गोष्टीही अशा व्यवस्थेत आपल्या मर्जीवर राहत नाहीत. २०२२ च्या अखेरीस छपाईच्या रंगांचं प्रमाण ठरवणारी पँटोन कंपनी आणि अ‍ॅडोबी यांच्यातली परवान्याची व्यवस्था बदलली आणि काही जुन्या फायलींमधले पँटोन रंग चक्क काळे दिसू लागले. ते परत हवे असतील तर पँटोनची वेगळी वर्गणी. जानेवारी २०२३ पासून अ‍ॅडोबीने टाइप-वन प्रकारच्या जुन्या फॉन्टना नव्या आवृत्त्यांमध्ये आधार देणं थांबवलं. ग्राहकाने काहीही बदललं नव्हतं, तरी त्याचं काम बदललं. म्हणून जुना, चालू असलेला एक संगणक त्याच्या जुन्या आवृत्तीसकट जपून ठेवा, आणि हिशेबाच्या वहीत वर्गणीला खरेदी न म्हणता भाडं म्हणूनच लिहा. धंद्याचे निर्णय त्यामुळे बदलतात.

३. सोडायची अट शिरण्याआधी वाचा

दरमहा पैसे भरतो म्हणजे हवं तेव्हा सोडता येईल, असं आपण धरून चालतो. कितीतरी योजना प्रत्यक्षात वर्षभराच्या करारावर असतात, फक्त हप्ता मासिक असतो. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा काही भाग दंड म्हणून भरावा लागतो. याच कारणावरून, म्हणजे दंडाची अट झाकून ठेवली आणि वर्गणी बंद करणं मुद्दाम किचकट केलं या आरोपावरून, अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला.

आपल्याकडेही कायदा जागा झाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ प्रकारच्या फसव्या मांडण्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्गणीत अडकवणं, न मागितलेली वस्तू बिलात सरकवणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हे सगळं त्यात येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना किमान २४ तास आधी मिळाली पाहिजे, आणि त्या वेळी तो हप्ता नाकारताही आला पाहिजे. ही सूचना आली की ती नुसती पुसून टाकू नका. ‘हे मला अजून हवं आहे का?’ एवढं विचारायला ती दरमहा मिळणारी संधी आहे.

४. यंत्राची किंमत शाईत पाहा

प्रिंटर स्वस्त, शाई महाग, हे गणित सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचा व्यवहार तितका माहीत नाही. काही प्रिंटरच्या कार्ट्रिजवर चिप असते आणि कंपनी इंटरनेटवरून यंत्राचं अंतर्गत सॉफ्टवेअर बदलू शकते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली, कारण ती तरतूद आधीच्या अपडेटमध्ये होती. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि ती अडवणूक काढणारं अपडेट दिलं. प्रथा मात्र संपली नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशाच बंधनांची पुरेशी माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरो दंड केला.

याची दुसरी बाजू मला फार आशादायक वाटते. आशियातल्या बाजारांत कारागिरांनी प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या आणि नळ्या जोडायला सुरुवात केली. महागडी कार्ट्रिज ग्राहकांना परवडत नव्हती, म्हणून त्यांनी वाट काढली. शेवटी एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर स्वतःच बाजारात आणला. यंत्र महाग आणि शाई स्वस्त, असं गणित उलटं झालं. आज आपल्या गल्लीबोळातल्या झेरॉक्सच्या दुकानांत तसेच प्रिंटर चालतात. ग्राहक ठाम राहिले तर धंद्याची रीत बदलते, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या व्यवसायात नाही. प्रिंटर घेताना एका पानाला किती खर्च येईल आणि बाहेरची शाई चालेल का, हे दोन प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा.

५. चोरीच्या प्रतीने सुटका होत नाही

आमच्या क्षेत्रात ही गोष्ट मोकळेपणाने बोलली जात नाही. आपल्याकडची डीटीपीची एक पिढी चोरीच्या पेजमेकर-कोरलड्रॉवर शिकली. ‘कंपनी लुटते, मग आपण फुकट घेतलं तर काय बिघडलं?’ असं म्हणणारी मंडळी आजही भेटतात. बिघडतं ते असं की फुकटची सवय त्याच कंपनीच्या उपयोगी पडते. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात बिल गेट्स यांनी चीनमधल्या चोरट्या प्रतींबद्दल जे सांगितलं त्याचा आशय हाच होता: चोरायचंच असेल तर आमचं चोरावं, त्याची सवय लागेल, पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू.

प्रत्येक क्लासमध्ये, प्रत्येक छापखान्यात तेच एक सॉफ्टवेअर असलं की दुसरं कुणी शिकत नाही, शिकवत नाही आणि मराठीसाठी सुधारत नाही. मराठी फॉन्ट करणाऱ्यांचं तर यात थेट नुकसान होतं. एक चांगला देवनागरी फॉन्ट म्हणजे शेकडो जोडाक्षरांची आखणी. ती मेहनत पेन ड्राइव्हवरून वाटली गेली, तर पुढचा फॉन्ट कोण करणार?

६. कंपनीवर शिक्का मारू नका, तिचा एकेक व्यवहार तपासा

वर मी अ‍ॅडोबीबद्दल बरंच लिहिलं. त्याच कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून खुली झाली. त्यामुळे आज पीडीएफ कुणालाही तयार करता येते, वाचता येते. फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ छापखान्यात गेली की अक्षरं हलण्याची भीती राहत नाही. आमच्या धंद्यावर याचे फार मोठे उपकार आहेत. पीडीएफ खुली झाल्याने अ‍ॅडोबी बुडाली नाही, उलट तिचं नाव घरोघरी गेलं.

म्हणून ‘ही कंपनी चांगली, ती वाईट’ अशा निष्ठा मला मान्य नाहीत. एकाच सॉफ्टवेअरमध्येही फरक असतो: इनडिझाइनची नेहमीची फाइल बंदिस्त आहे, पण त्यातूनच आयडीएमएल या उघड रचनेच्या स्वरूपात काम जतन करता येतं आणि ते दुसऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. मी प्रत्येक पुस्तकाची आयडीएमएल प्रत ठेवते. दार आहे, तर त्याचा उपयोग करावा.

७. पर्याय जिवंत ठेवणं हे ग्राहकाचंही काम आहे

सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडोबीने फिग्मा ही प्रतिस्पर्धी कंपनी २,००० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं होतं. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी स्पर्धेचे प्रश्न उभे केल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला. नियामक एवढं करू शकतात. प्रतिस्पर्धी टिकतो तो मात्र कुणीतरी त्याचा माल वापरतं म्हणूनच.

आमच्यासाठी पर्याय आहेत. स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवतं. इंकस्केपवर पत्रिका आणि बोधचिन्हं होतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बलू हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचं अ‍ॅफिनिटी एकरकमी मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ घेतली आणि २०२५ मध्ये अ‍ॅफिनिटी मोफत झालं. मोफत म्हणजे कायमचं, असं समजू नका. ज्याने आज मोफत केलं, त्याला उद्या धोरण बदलता येतं.

कोणतंही नवं साधन घेताना आधी ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘वाङ्मय’ हे शब्द टाइप करून पाहा आणि पीडीएफ काढून तपासा. इथे अडलं तर बाकीच्या सोयी मराठी कामाला निरुपयोगी आहेत. आणि वर्षातून एखादं छोटं काम मुद्दाम दुसऱ्या साधनावर करा. हात तयार असला तरच गरजेच्या वेळी बदल करता येतो.

८. तक्रार करा, आणि लेखी करा

ग्राहक चळवळीचा वारसा पुण्याला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायत सुरू केली. तरीही तंत्रज्ञानाच्या बाबतीत आपण ‘एवढी मोठी कंपनी, आपलं कोण ऐकणार?’ असं म्हणून गप्प बसतो.

व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूंना ग्राहक कायदा लागत नाही, असं आमच्यातले अनेक जण ऐकीव माहितीवर सांगतात. २०१९ च्या कायद्यातलं स्पष्टीकरण वाचा: निव्वळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू असेल, तर तुम्ही ग्राहकच आहात. घरी एक संगणक आणि प्रिंटर घेऊन अक्षरजुळणी करणारी ताई यात बसते. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. बिल, करारातल्या अटी, स्क्रीनचे फोटो, ईमेल हे सगळं पहिल्या दिवसापासून एका जागी ठेवावं. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला लेखी उत्तर मागावं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी खरेदीआधी चार प्रश्न कागदावर लिहायला लावते. माझं काम यातून दुसरीकडे नेता येईल का? पैसे थांबवले तर माझ्याकडे काय उरेल? सोडायला किती खर्च येईल? आणि बिघडलं तर दाद कुठे मागायची? चारही उत्तरं मिळाली तर कंपनी कोणतीही असो, खुशाल घ्या. एका जरी प्रश्नाला विक्रेता सरळ उत्तर देत नसेल, तर थांबा. मराठी पुस्तकं अजून खूप छापायची आहेत, आणि ती पुढच्या पिढीलाही उघडता आली पाहिजेत. ती जबाबदारी आपल्या प्रत्येक खरेदीत आहे.