आठवड्याची निळी गोळी

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते. फॉलिक ॲसिड हे 'ब' गटातील जीवनसत्त्व आहे. रक्त तयार होण्यासाठी त्याची गरज असते. त्याचा शोध मुंबईशी जोडलेला आहे. डॉ. लुसी विल्स यांनी तेथे गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कात हेच जीवनसत्त्व होते.

उपाशीपोटी गोळी घेतल्यास मळमळू शकते. म्हणून ती फेकू नका, जेवणानंतर घ्या. शौचाचा रंग काळा झाला तरी घाबरू नका. मात्र एकावेळी एकच गोळी घ्या. जास्त लोह विषासारखे असते. लहान भावंडांच्या हाती गोळी देऊ नका. पालेभाज्या आणि डाळीही खा.