कर्करोगावरील उपचारांचा निर्णय आणि रुग्णाचा सहभाग

किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्णांना सवलत मिळाली, याचा ताळेबंद आम्ही दरवर्षी आपणापुढे ठेवतो. परंतु ज्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही, अशा एका विषयाकडे या लेखाद्वारे आपले लक्ष वेधू इच्छितो. उपचार यथासांग पार पडूनही रुग्णाच्या मनात खंत का राहते, हा तो विषय होय.

काही काळापूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एक भगिनी फेरतपासणीसाठी आल्या होत्या. गाठ लहान होती, शस्त्रक्रियाही उत्तम झाली होती. बिलाच्या खिडकीपाशी त्यांनी आम्हांस विचारले, "साहेब, सगळा स्तन न काढताही भागलं असतं, असं शेजारच्या खाटेवरची बाई म्हणत होती. खरं का?" आम्ही कागदपत्रे काढून पाहिली. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समजावून सांगितले होते. परंतु ते यजमानांना व चिरंजीवांना. 'तिला फार सांगू नका, खचून जाईल,' या त्यांच्या विनंतीस आम्ही मान दिला होता. संमतिपत्रावर सही मात्र त्या भगिनींची होती. ही उणीव आमची होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

त्यांच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर उपलब्ध आहे. इटली व अमेरिका येथील दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. संपूर्ण स्तन काढलेल्या आणि केवळ गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र अमेरिकेतील अभ्यासात, किरणोपचार न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. म्हणजेच स्तन वाचवायचा असल्यास किरणोपचार सहसा टाळता येत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस, असे तीन ते पाच आठवडे यावे लागते. गाठी अनेक असल्यास अथवा किरणोपचार देणे शक्य नसल्यास हा पर्याय योग्य ठरत नाही.

याचा अर्थ स्तन काढणे चूक, असा नव्हे. घर दूर असलेली, रोजंदारी बुडवणे न परवडणारी एखादी भगिनी विचारपूर्वक तोच मार्ग निवडते आणि समाधानी राहते. आमच्या अनुभवात, खंत राहते ती बहुधा निवडलेल्या पर्यायाची नव्हे, तर आपणांस न विचारता तो निवडला गेला याची.

कायदाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजीच्या निकालात, सज्ञान स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईच्या संमतीने केलेली शस्त्रक्रिया वैध मानली नाही. जिवास तातडीचा धोका नसताना रुग्णाऐवजी अन्य कोणाची संमती पुरेशी ठरत नाही.

या अनुभवातून आम्ही पुढील पद्धत अंगीकारली आहे :

१. पर्यायांची चर्चा रुग्णाच्या उपस्थितीतच होते. किती ऐकावयाचे, हे रुग्णानेच ठरवावयाचे.

२. प्रत्येक पर्यायाचे लाभ, त्रास, कालावधी व अंदाजे खर्च मराठीत लिहून दिला जातो.

३. डॉक्टरांच्या मते घाई नसल्यास विचारासाठी काही दिवस दिले जातात. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत मात्र तत्काळ उपचार आवश्यक असतात.

४. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे असल्यास तपासणीचे अहवाल व काचपट्ट्या विनाविलंब दिल्या जातात.

५. सही करण्यापूर्वी आपण काय व का निवडले, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावे, अशी विनंती केली जाते.

नातेवाइकांस नम्र विनंती, की प्रेमापोटी रुग्णापासून सत्य दडवू नये. आपल्या माणसाशेजारी बसून ऐकणे, हाच खरा आधार होय.

आणि देणगीदारांस एक निवेदन. किरणोपचारांच्या काळातील निवास व एसटीचे भाडे परवडत नाही, एवढ्याच कारणास्तव जेव्हा एखादी भगिनी स्तन गमावते, तेव्हा तो निर्णय तिचा नसतो, तिच्या गरिबीचा असतो. आपल्या देणगीतून होणारी निवासाची व प्रवासखर्चाची सोय तिला निवडीचा हक्क परत मिळवून देते. हे पुण्यकर्म ताळेबंदात दिसत नाही. त्याची जाणीव आपणांस व्हावी, यासाठीच हा लेखनप्रपंच.