पाहुणे होऊन जावें
(मंडळ्यांच्या सेवापथकांकरितां अभ्यासपाठ)

मुख्य वाचन : लूक १०:१–२०.
सोबत वाचावें : योहान ४:४–४२, प्रेषितांचीं कृत्यें ११:२७–३०, २ करिंथ ८:१–१५.



नाताळची सुटी जवळ आली कीं शहरांतील मंडळ्यांमधून सेवापथकें निघूं लागतात. तरुण संघाचे दहापांच जण, एखादा डॉक्टर, एखादी परिचारिका, पेटी व तबला, कपड्यांचीं गाठोडीं आणि वह्यापेन्सिलींचे खोके घेऊन एखाद्या दूरच्या गरीब खेड्याकडे गाडी जाते, आणि चारपांच दिवसांनीं परतते. हा उद्योग स्तुत्य आहे. ज्या मंडळीला आपल्या वेशीबाहेरचें दुःख दिसत नाहीं, ती मंडळी आजारी समजावी. तथापि आपल्या वाचकांपैकीं पुष्कळजण खेड्यांत राहणारे आहेत. कित्येकांच्या गांवीं अशीं पथकें येतात, आणि कित्येक स्वतः पुढच्या वाडीवस्तीवर सेवेसाठीं जातात. म्हणून जाणारा व यजमान या दोघांनींही या विषयाचा विचार केला पाहिजे. जाणें चांगलें, हें ठरलेलेंच आहे. कसें जावें, हा प्रश्न आहे. सत्तर जणांस पाठवितांना प्रभूनें जे नियम घालून दिले, त्यांत याचें उत्तर सांपडतें.

१. आपल्यामागून येणारा आहे (ओवी १).

प्रभूनें सत्तर जणांस दोघे दोघे असें पाठविलें, आणि ज्या ज्या गांवीं तो स्वतः जाणार होता तेथेंच पाठविलें. म्हणजे त्यांच्यामागून धनी येणार होता. वाट तयार करणें एवढेंच त्यांचें काम होतें. सर्व कांहीं पुरें करून दाखविणें हें नव्हतें. चार दिवसांकरितां जाणाऱ्या पथकानें ही गोष्ट मनांत धरिली, तर अंगचा उतावीळपणा पुष्कळ कमी होईल.

एक उदाहरण घेऊं. शिबिरांत एखाद्या म्हाताऱ्या बाईचा रक्तदाब वाढलेला आढळतो. तिला दहा दिवसांच्या गोळ्या देऊन पथक निघून जातें. पण हा विकार दहा दिवसांत जाणारा नव्हे. त्याची गोळी बहुधा जन्मभर रोजच्या रोज घ्यावी लागते. अकराव्या दिवशीं त्या बाईनें काय करावें? २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, तेव्हांपासून गांवोगांवीं आशाताई नेमल्या गेल्या आहेत. डॉक्टरांनीं त्या बाईची गांठ गांवच्या आशाताईशीं घालून दिली आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता तिला दाखविला, तर चार दिवसांचें काम चार वर्षें चालेल. आपण गेल्यावर गांवांत कोण राहतो, हें ओळखून त्याचे हात बळकट करणें, हीच वाट तयार करण्याची रीत होय.

२. मागणारा होऊन जावें (ओवी ४).

थैली, झोळी व जादा पायतण बरोबर घेण्यास प्रभूनें मनाई केली. याचा अर्थ पथकानें औषधें नेऊं नयेत असा नाहीं. यांतील मर्म निराळें आहे. ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याला मागावें लागतें, आणि मागणारा मनुष्य दात्याच्या उंच आसनावर बसूं शकत नाहीं.

प्रभूनें हें स्वतः करून दाखविलें. थकलाभागला तो शोमरोनांतील विहिरीच्या कांठीं बसला, आणि त्या स्त्रीला कांहीं देण्यापूर्वीं त्यानें तिच्याजवळ पाणी मागितलें. यहूदी मनुष्यानें शोमरोनी स्त्रीच्या भांड्यांतलें पाणी मागावें, याचें तिला स्वतःलाच नवल वाटलें. पण त्या मागण्यानें तिचा मान तिला परत मिळाला. पुढें तिच्या गांवकऱ्यांनीं विनंती केली, तेव्हां तो दोन दिवस तेथें राहिला.

न विचारतां दिलेल्या दानाची काय गति होते, हें आपल्या देशानें पाहिलें आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं समुद्राच्या प्रचंड लाटांनीं तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरांतून दयाळू लोकांनीं कपडे पाठविले. परंतु त्यांत जुने, फाटके व तेथील लोकांच्या नेसण्याच्या रीतीस न जुळणारे कपडे इतके होते, कीं त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. पण काय पाहिजे तें विचारावयाचें राहून गेलें होतें. काल परवांपर्यंत स्वतःच्या होडीवर मानानें संसार चालविणाऱ्या कोळ्याला दुसऱ्याचें जुनेर पाहून काय वाटलें असेल, याचा आपण विचार करावा.

३. पुढें येईल तें जेवावें (ओव्या ५–८).

सत्तर जणांनीं घरोघर फिरावयाचें नव्हतें. ज्या घरानें प्रथम आसरा दिला तेथेंच राहावयाचें. मागाहून मोठ्या वाड्याचें बोलावणें आलें म्हणून बिऱ्हाड हलवावयाचें नव्हतें. आणि त्या घरचीं माणसें जें पानांत घालतील तें जेवावयाचें, असें प्रभूनें एकदां नव्हे, दोनदां सांगितलें.

आज पुष्कळदां काय घडतें? पथक शाळेच्या आवारांत उतरतें, बरोबर आणलेल्या आचाऱ्याच्या हातचें जेवतें आणि बाटलीचें पाणी पितें. ज्या वस्तीला 'आम्ही तुमचे भाऊबंद' असें सांगावयास आलों, त्या वस्तीच्या चुलीवरची भाकरी मात्र नको! आमच्या देशांत कोणाच्या घरचें पाणी चालतें व कोणाच्या घरचें चालत नाहीं, यावरून मनुष्याची किंमत ठरविण्याची दुष्ट चाल शतकानुशतकें चालत आली आहे. वस्तींतील म्हातारीं माणसें हें विसरलेलीं नाहींत. पाहुण्यानें पाणी नाकारलें, तर तें प्रकृतीसाठीं नाकारलें कीं जातीसाठीं, हें त्यांना कसें कळावें?

गरिबाच्या घरीं खाऊन त्याच्यावर ओझें घालावें काय, असें कोणी विचारील. शंका योग्य आहे, आणि तिला साधा उपाय आहे. शिधा आधीं त्या घरीं पोंचवावा, पण जेवावें त्याच घरच्या पंक्तीस. पाणी उकळून घेणें जरूर असेल, तर त्याच घरच्या चुलीवर उकळावें. पिठलेंभाकरी व ठेचा खातांना घरच्या बाईशीं जें बोलणें होतें, तें सभेंत होत नाहीं. पाऊस किती झाला, विहीर केव्हां आटते, मुलगी शाळेंतून कां काढली, हें सर्व चुलीपाशीं कळतें.

४. जामखेडचा दाखला.

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत जामखेड हा नेहमींचा अवर्षणाचा तालुका आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य तेथें कामास लागलें. दोघांचेंही शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालें होतें. तीं आलीं होतीं रोग बरे करावयास. पण लोकांस विचारलें, तेव्हां लोकांनीं औषधाचें नांव आधीं घेतलें नाहीं. अन्न आणि पाणी ही आमची पहिली गरज, असें त्यांनीं सांगितलें. १९७२ च्या भयंकर दुष्काळाचे ते दिवस होते. त्या दोघांनीं लोकांचें ऐकलें. मुलांच्या आहाराची सोय झाली, आणि कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांच्या जागा दलित वस्तींत पाहण्यांत आल्या. म्हणजे पाणी पाहिजे असेल तर साऱ्या गांवानें तेथें जावें. शोमरोनांतील विहिरीवरचा धडा असा मराठी मातींत उतरला.

पुढें त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परंतु तें नीट जमलें नाहीं. तेव्हां गांवांनींच निवडलेल्या बायकांस त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण कसें करावें, मुलाचें वजन कां पाहावें, अतिसारांत मीठसाखरेचें पाणी कसें द्यावें, क्षय व कुष्ठ कसे ओळखावे, हें त्या शिकल्या व आपल्या शेजारणींस शिकवूं लागल्या. १९७१ सालीं तेथें जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत असत. १९९६ पर्यंत ही संख्या २६ च्या आसपास आली. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं प्रभूकडे गेले. काम मात्र थांबलें नाहीं, कारण तें गांवच्या बायकांच्या हातीं गेलेलें होतें.

त्यांनीं सारा जन्म वाहिला, आमच्याजवळ चारच दिवस आहेत, असें पथकांतील तरुण म्हणतील. खरें आहे. परंतु विचारावयास जन्म लागत नाहीं. याच मुलखाची एक गोष्ट पाहा. जामखेड, पाथर्डी व बीडकडील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना फेडावयाची असते. अशा गांवीं नाताळांत पथक गेलें, तर घराघरांतून म्हातारीं माणसें व मागें राहिलेलीं मुलेंच भेटतील. मग सभा ओस पडली, लोकांना आस्था नाहीं, असा ठपका आपण कोणावर ठेवणार? आधीं गांवांतील एका वडीलधाऱ्या मनुष्यास विचारलें, तर एक तर तारीख बदलेल, नाहीं तर त्या मागें राहिलेल्या मुलांकरितांच योजना आंखतां येईल.

५. दान कोणाच्या स्वाधीन करावें (कृत्यें ११:२७–३०).

दुष्काळ पडणार असें कळतांच अंत्युखियाच्या शिष्यांनीं यथाशक्ति वर्गणी केली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हातीं यहूदीयांत पाठविली. कोणाकडे? तेथील वडिलांकडे. हे दोघे मोठे प्रेषित. पण त्यांनीं तेथें जाऊन स्वतःच्या हातानें वांटप करण्याचा सोहळा केला नाहीं. कोणाच्या घरीं चूल पेटत नाहीं व कोण मागावयास लाजतो, हें तेथल्या वडिलांस ठाऊक होतें.

हाच नियम कामासही लागू आहे. शाळेची भिंत बांधावयास शहरांतून वीस तरुण आले, आणि गांवचा गवंडी हात बांधून पाहत बसला, तर ती सेवा कोणाची झाली? त्याला मजुरी देऊन त्याच्या हाताखालीं तरुणांनीं विटा वाहाव्या. भिंत सरळ उभी राहील, आणि तरुणांना आज्ञा पाळण्याचें शिक्षणही मिळेल. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हें तत्त्व प्रभूनें याच अध्यायांत सांगितलें आहे.

६. बरें करणें व सांगणें (ओव्या ९–११).

येथील क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम घराला शांति, मग जेवण, मग दुखणेकऱ्यांची शुश्रूषा, आणि मग देवाचें राज्य जवळ आल्याचें सांगणें. सांगणें वगळावयाचें नाहीं; लाज धरून गप्प बसणें हा कांहीं विनय नव्हे. परंतु दान आमिषासारखें पुढें धरून सांगूं नये. गोळी देतांना दुखणें विचारावें, धर्म विचारूं नये. बियाण्याच्या पोत्याला सुवार्तेची अट बांधली, तर दोहोंचीही किंमत जाते. ज्या गांवानें आपल्याला स्वीकारलें नाहीं तेथून पायांची धूळ झाडून निघावें, असें प्रभूनें सांगितलें. म्हणजे नाकारण्याची मोकळीक त्यानें गांवाला ठेविली होती.

या ठिकाणीं खेड्यांतील मंडळ्यांचें मोठें हित गुंतलेलें आहे. पथक चार दिवसांनीं निघून जातें. पण त्यानें वस्तु देऊन लोक वळविले असा संशय उठला, तर तो संशय गांवांतल्या चार ख्रिस्ती घरांच्या दारांत राहतो. त्यांनाच शेजाऱ्यांच्या विहिरीवर जावयाचें असतें, त्यांच्याच मुलांना त्या शाळेंत बसावयाचें असतें. म्हणून स्थानिक मंडळीला विचारल्याशिवाय पथकानें एकही वस्तु वांटूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि अमुक गोष्ट आमच्या गांवीं नको, असें पाहुण्यांस सांगण्यास यजमान मंडळीनेंही भिऊं नये.

७. परत आल्यावर (ओव्या १७–२०).

सत्तर जण आनंदानें परतले आणि आपल्या हातून झालेलीं मोठीं कामें सांगूं लागले. प्रभूनें त्यांचा आनंद हिरावला नाहीं, पण त्याचें कारण बदललें : सत्ता चालली म्हणून नव्हे, तर आपलीं नांवें स्वर्गांत लिहिलेलीं आहेत म्हणून हर्ष करावा. आमचे अहवाल मात्र किती रोगी तपासले आणि किती वह्या वांटल्या, या आंकड्यांवर संपतात. सोबत उघड्या अंगाच्या मुलांचीं छायाचित्रें लावितात. आपल्या लेंकराचें असें चित्र दुसऱ्या गांवच्या देवळांत दाखविलेलें आपल्याला आवडेल काय?

अहवालांत खेड्यानें आपल्याला काय दिलें, हेंही लिहावें. मासेदोनियांतील मंडळ्या स्वतः दारिद्र्यांत असतां उदारपणें देत्या झाल्या, असें पौल सांगतो. आणि एकाच्या विपुलतेनें दुसऱ्याची उणीव भरावी, तसेंच उलटही घडावें, अशी समानता तो इच्छितो. ज्या पथकाला घेण्यासारखें कांहींच आढळलें नाहीं, तें पाहुणें म्हणून गेलेंच नव्हतें.

विचारासाठीं प्रश्न

१. ज्या गांवीं जावयाचें, तेथून आपल्याला बोलावणें आलें आहे काय? कोणाकडून?
२. त्या दिवसांत गांवांतील कर्तीं माणसें घरीं असतात काय?
३. आपण कोणाच्या घरीं जेवणार? तें घर कोणत्या वस्तींत आहे?
४. आपण आरंभिलेलें काम आपल्यामागें कोण चालवील? त्याची संमति घेतली आहे काय?
५. यजमान मंडळीनें एखादी गोष्ट नको म्हटली, तर ती ऐकण्याची आपली तयारी आहे काय?

प्रार्थनेचा विषय : या वर्षीं सेवेसाठीं निघणाऱ्या सर्व पथकांस ऐकणारा कान व वाढलेलें खाण्याची नम्रता लाभावी, आणि त्यांस उतरून घेणाऱ्या खेड्यांतील मंडळ्यांस मोकळेपणानें बोलण्याचें धैर्य मिळावें.