जुन्या फोर-व्हील जीप व पिकअपचे स्टिअरिंग : आधी ढिलाई शोधा, मगच पाना लावा

पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जातीच्या जीपगाड्या व तशाच बांधणीचे पिकअप आजही काही शेतकऱ्यांकडे कामात आहेत. चिखलाच्या गाडीवाटेवरून भाजीपाला, खताची पोती व मजूर यांची ने-आण करण्यास या गाड्या उपयोगी पडतात. इंजिन व गिअर यांकडे मालकाचे लक्ष असते. स्टिअरिंगकडे मात्र गाडी रस्ता सोडू लागेपर्यंत दुर्लक्ष होते. भरलेली गाडी घाटात किंवा अरुंद पुलावर असताना हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते.

नेहमी होणारी चूक

स्टिअरिंग ढिले वाटले की स्टिअरिंग बॉक्सवरील स्क्रू आवळण्याचा प्रघात आहे. पीक पिवळे पडले की कारण न पाहता युरिया टाकण्यासारखाच हा प्रकार आहे. ढिलाई एका जागी नसते. चाकापासून हातातील स्टिअरिंगपर्यंत आठ-दहा सांधे असतात व प्रत्येकातील थोडी थोडी झीज मिळून मोठी ढिलाई होते. बॉक्स आवळल्याने सांध्यांची झीज भरून निघत नाही. उलट बॉक्समधील भाग एकमेकांवर दाबले जाऊन लवकर झिजतात व वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत. म्हणून तपासणी जमिनीकडून वर करावी व बॉक्सला शेवटी हात लावावा.

स्टिअरिंगची रचना

स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकास बॉक्समध्ये आटे पाडलेला कॅम असतो. त्याच्या खाचेत लिव्हरच्या खुंट्या फिरतात. लिव्हरच्या शाफ्टवर बाहेरून पिटमन आर्म, त्यास ड्रॅग लिंक व पुढे बेल क्रँक जोडलेला असतो. बेल क्रँकपासून दोन टाय रॉड दोन्ही चाकांच्या नकलकडे जातात. नकल किंगपिनच्या बेअरिंगवर फिरते. काही गाड्यांत बेल क्रँक नसतो. तेथे त्याची पायरी सोडून द्यावी.

ढिलाई कशी शोधावी ?

प्रथम सर्व टायरांतील हवा पुस्तिकेप्रमाणे भरावी. पुढच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असल्यास गाडी एका बाजूस ओढते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद व चाके सरळ ठेवून उभी करावी. एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवावे व दुसऱ्याने खालून प्रत्येक सांधा पाहावा व हाताने चाचपावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते पण दुसरी हलत नाही, तेथे ढिलाई आहे. त्या जागी खडूने खूण करावी. बॉक्स चासीवर बसवणारे बोल्ट, त्याजवळ चासीस गेलेले तडे आणि स्प्रिंगांचे यू-बोल्ट व बुश हेही याच वेळी पाहावेत.

नंतर मागील चाकांना ठोकळे लावून पुढचा ॲक्सल जॅकने उचलावा व भक्कम घोडीवर टेकवावा. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलवावे. हलल्यास मदतनिसास ब्रेक दाबण्यास सांगून पुन्हा पाहावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये व थांबली नाही तर किंगपिनमध्ये आहे असे समजावे. चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवल्यास टाय रॉडची ढिलाई कळते.

दुरुस्तीचा क्रम

१) चाकाचे बेअरिंग : चाक फिरवत नट घट्ट करावा. चाक जड फिरू लागले की नट सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करून लॉक करावा. बेअरिंग खरवडलेले किंवा निळे पडलेले असल्यास बदलावे.

२) किंगपिन : वरील व खालील टोप्यांखाली पातळ शिम असतात. ढिलाई घालवण्यासाठी दोन्हीकडून सारख्या जाडीचे शिम काढावेत, म्हणजे नकल मध्यावर राहते. टाय रॉड सुटा असताना नकल हलक्या ताणाने, कोठेही न अडकता फिरली पाहिजे.

३) टाय रॉड व बेल क्रँक : झिजलेले टाय रॉड एंड बदलावेत. ते ठोकून घट्ट करू नयेत. बेल क्रँकची पिन व बुश एकदमच बदलावेत. फक्त पिन बदलल्यास जुन्या लांबट भोकात ती टिकत नाही.

४) ड्रॅग लिंक : दोन्ही टोकांतील स्प्रिंग व वाट्यांचा क्रम सारखा नसतो. सुटे भाग काढताना ते त्याच क्रमाने कापडावर मांडावेत. जोडताना प्लग घट्ट लावून पुस्तिकेप्रमाणे अर्धा ते एक फेरा मागे घ्यावा व नवी कॉटर पिन घालावी.

५) स्टिअरिंग बॉक्स : ड्रॅग लिंक सुटी असतानाच हे काम करावे. प्रथम कॅमची वर-खाली ढिलाई वरच्या झाकणाखालील शिम काढून घालवावी. नंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत व निम्मे फेरे परत येऊन मध्य साधावा. बाजूच्या झाकणावरील स्क्रू मध्यावर असतानाच, किंचित ताण जाणवेपर्यंत आवळून चेक नट लावावा. कॅमची खाच मध्यभागी मुद्दाम तंग ठेवलेली असते. टोकाला असताना स्क्रू आवळल्यास स्टिअरिंग मध्यावर जाम होते.

बॉक्समध्ये ग्रीस भरू नये. ग्रीस बाजूला सरकले की कॅमवर परत येत नाही व कॅम कोरडा चालतो. पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइलच वापरावे. तेल गळत असेल तर सील बदलावे.

६) टो-इन : सांधे पक्के झाल्यावरच हे मोजावे. पुढची चाके फिरवून टायरांच्या मध्यावर रेघ मारावी, गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावी व ॲक्सलच्या उंचीवर दोन रेघांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. विलिस जीपच्या पुस्तिकेप्रमाणे पुढचे अंतर १.२ ते २.४ मि.मी. ने कमी असावे. बेल क्रँक मध्यावर ठेवून टाय रॉड जुळवावेत, नाहीतर गाडी एका बाजूस कमी वळते.

हे करू नये

• पिटमन आर्म, टाय रॉड, ड्रॅग लिंक किंवा नकल यांना वेल्डिंग करू नये. तापवून सरळ करू नये. वाकलेला भाग बदलावा.
• कॉटर पिनऐवजी तार किंवा खिळा घालू नये.
• चाके थरथरत असल्यास बॉक्स आवळून उपाय होत नाही. टायरचा तोल, किंगपिन, चाकाचे बेअरिंग व टाय रॉड तपासावेत.
• डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी चालवू नये. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण निर्माण होऊन स्टिअरिंग जड होते. हा स्टिअरिंगचा दोष नव्हे. चिखलातून बाहेर येताच लिव्हर टू-व्हीलवर आणावा.

कायदा काय सांगतो ?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगची ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त असू नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात व बोल्ट, पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. स्टिअरिंग १७ इंच व्यासाचे असल्यास ३० अंश म्हणजे काठावर सुमारे ११ सें.मी. होतात. ही कमाल मर्यादा आहे. भार घेऊन जाणाऱ्या गाडीत ढिलाई याहून बरीच कमी असावी. खासगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, त्या वेळीही हे काम उपयोगी पडते.

चाचणी व निगा

दुरुस्तीनंतर रिकामी गाडी मोकळ्या शेतात सावकाश चालवावी. वळण घेऊन हात सैल केल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्याकडे आले पाहिजे. न आल्यास बॉक्स किंवा किंगपिन जास्त आवळले गेले आहेत. दोन-तीन दिवस गाडी वापरल्यावर सर्व नट व पिना पुन्हा पाहाव्यात.

टाय रॉड, ड्रॅग लिंक व बेल क्रँक यांच्या निपलांना नियमित ग्रीस द्यावे. गाडी पाण्यातून किंवा गाळातून गेल्यास त्याच दिवशी द्यावे, म्हणजे आतील माती बाहेर येते. पावसाळा संपल्यावर व सुगीची वाहतूक सुरू होण्यापूर्वी वरील सर्व तपासणी एकदा करावी. तपासणीस दोन माणसे, खडू व अर्धा दिवस पुरतो. किंगपिन व बॉक्सचे काम हाताखाली नसेल तर ते माहितगार मिस्त्रीकडून करून घ्यावे. मात्र ढिलाई कोठे आहे हे स्वतः पाहून, खडूच्या खुणा दाखवूनच गाडी त्याच्या हवाली करावी.