रंगविलेले बियाणे आणि पाऱ्याचे विष

बियाण्यास पेरणीपूर्वी औषध चोळण्याची पद्धत खेडोपाडी परिचित आहे. गव्हावरील काणीसारखे बुरशीजन्य रोग बियाण्यातूनच पसरतात व त्यांवर पाऱ्याची सेंद्रिय संयुगे गुणकारी ठरल्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात आणि पुढे अन्यत्र त्यांचा प्रसार झाला. या वर्गातील मिथिल पारा विशेष घातक होय. अन्नावाटे तो जवळजवळ संपूर्ण शोषला जाऊन मेंदूत शिरतो. दाणे टिपणारे पक्षी मरू लागल्यानंतर स्वीडनने १९६६ साली बियाण्यासाठी त्याचा वापर थांबविला.

इराकला हा धोका अपरिचित नव्हता. पारा लावलेले बियाणे खाऊन १९५६ व १९६० साली तेथे विषबाधा झाली होती. तरीही अवर्षणानंतर १९७१ साली मिथिल पारा लावलेले सुमारे ७३,००० टन गव्हाचे व २२,००० टन सातूचे बियाणे परदेशातून आले. ते खेड्यांत पोहोचेपर्यंत अनेक ठिकाणी पेरण्या आटोपल्या होत्या आणि घरातील धान्य मात्र संपत आले होते.

मेक्सिकोहून आलेल्या गव्हाच्या पोत्यांवर धोक्याची सूचना होती, पण स्पॅनिश व इंग्रजीत. अरबी किंवा कुर्दी बोलणाऱ्या शेतकऱ्यास तिचा काय उपयोग? दाण्यांचा तांबूस रंग धुतल्यावर जाई, म्हणून विषही गेले असा समज झाला. वस्तुतः पारा दाण्यातच राही. काहींनी सावधपणे ते धान्य आधी कोंबड्यांना घातले. त्या काही दिवस ठणठणीत राहिल्या, आणि मग घरोघरी रोट्या भाजल्या गेल्या. या परीक्षेस अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. लक्षणे उमटण्यास कित्येक आठवडे लागत. प्रथम हातापायांना व ओठांभोवती बधिरता, नंतर तोल जाणे, दृष्टी संकोचणे, वाचा अडखळणे. तोवर पुरेसे विष पोटात गेलेले असे. ६,५३० रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले व त्यांपैकी ४५९ दगावले. काही मातांना त्रास अल्प झाला, परंतु त्यांची बालके मेंदूस गंभीर इजा होऊन जन्मली.

महाराष्ट्रातही उसाचे बेणे पाऱ्याच्या एका संयुगाच्या द्रावणात बुडवून लावीत असत. त्या मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइडवर भारतात २०१८ साली बंदी आली. औषध लावलेले बियाणे अन्न, चारा वा तेलासाठी वापरू नये अशी सूचना, आणि पाऱ्यासारखे द्रव्य असल्यास ‘विष’ हा शब्द तांबड्या अक्षरांत, खुणचिठ्ठीवर असावा, असे बियाणे नियम, १९६८ सांगतात.