एका आण्याचा ठराव

महापालिकेच्या अंदाजपत्रकातील एखादी किरकोळ रक्कमही किती मूलभूत प्रश्न उभे करू शकते, याचे उद्बोधक उदाहरण मद्रास (आजचे चेन्नई) शहराच्या इतिहासात आढळते. १६८८ साली स्थापन झालेली ही महापालिका भारतातील सर्वांत जुनी होय. १९२० मध्ये, त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, तिच्या सभेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचा अल्पोपाहार देण्याचा ठराव संमत केला. खर्चाची मर्यादा होती दर मुलामागे दररोज एक आणा. गरिबांची मुले उपाशीपोटी शाळेत टिकत नाहीत, ही त्यामागील जाणीव होती. योजना आणखी चार शाळांत पोचली आणि पटसंख्या वाढली. परंतु प्राथमिक शिक्षणनिधीतून हा खर्च करण्यास सरकारने मनाई केली आणि १९२५ मध्ये ती बंद पडली.

अन्न हा शिक्षणाचा भाग आहे की नाही, हा खरा वाद होता. शहराच्या सभेने त्याचे एक उत्तर दिले; तिजोरीवर अधिकार असलेल्यांनी दुसरे. १९५६ साली कामराज यांच्या मंत्रिमंडळाने राज्यात शालेय भोजनाची योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या उत्तरालाच मान्यता मिळाली. निर्णयाबरोबर निधीचाही अधिकार नसेल, तर स्थानिक सभेचा ठराव अल्पायुषी ठरतो, हाच या प्रकरणाचा बोध होय.