मुलांचा जुना सायनस : ऑपरेशन नेमकं कशाचं?

पालकसभेनंतर दुसरीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. म्हणाली, "बाई, डॉक्टर सायनसचं ऑपरेशन सांगतायत. एवढ्याशा पोरीच्या तोंडावर सुरी फिरवायची का हो?" ही धास्ती बऱ्याच घरांत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. चोंदलेलं नाक, घट्ट शेंबूड, खोकला 12 आठवडे किंवा जास्त टिकला तर तो जुना सायनस. त्यावर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, नाकातला स्प्रे, अ‍ॅलर्जीचे उपचार, गरजेनुसार अँटिबायोटिक. हे नेटाने करूनही (आपण मध्येच सोडतो, हेही खरं!) फरक पडला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आणि लहान मुलांत ती बहुधा सायनसवर नसतेच. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ असते. टॉन्सिलचीच बहीण म्हणा, पण 'आ' केला तरी दिसत नाही. तिथे जंतू ठाण मांडतात आणि सायनसला पुन्हा पुन्हा लागण होते. म्हणून पहिल्यांदा तीच काढतात. पूर्ण भूल देऊन, सहसा तोंडावाटे. चेहऱ्यावर एकही टाका नाही. काही डॉक्टर त्याच वेळी सायनस धुऊनही घेतात. किशोरवयात ही गाठ आपोआप आकसते, त्यामुळे हा उपाय मुख्यतः लहान वयातला.

एवढ्यानेही भागलं नाही, नाकात पॉलिप असतील किंवा पू डोळ्याकडे पसरत असेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. नाकपुडीतूनच सायनसची तोंडं मोकळी करतात. काही ठिकाणी बारीक फुग्याने ती रुंद करतात. मुलांचे सायनस अजून वाढत असतात, कपाळातले तर उशिरा तयार होतात. म्हणून आधी सीटी स्कॅन करून नकाशा बघावाच लागतो.

वर्गात आपल्याला काय दिसतं? मूल सतत तोंड उघडं ठेवून श्वास घेतं, किंवा हाक मारली तरी बघत नाही. अ‍ॅडेनॉइडमुळे कानात पाणी साठून कमी ऐकू येतं; आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणून ओरडतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मणी किंवा खोडरबरचा तुकडा अडकलेला असू शकतो. डोळ्याभोवती सूज आली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

त्या आईला म्हटलं, डॉक्टरांना एवढंच विचारा : गाठ काढणार की सायनस उघडणार? दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठीच घेऊन आली. त्यावर अ‍ॅडेनॉइड लिहिलं होतं.